बाहुलीची खाट

तिला तोंडावर सगळे सिस्टर म्हणायचे आणि पाठीमागे शीबाई. काही अस्वच्छ दिसलं की बाईच्या तोंडून "शी!" निघालंच म्हणून समजा. आता नर्सनं शी-शी करून कसं चालेल? पण पू असो, उलटी असो, ती हातमोजे चढवून निमूट साफ करायची. आजारी माणूस घाण करणारच हो! तिला किळस यायची ती धडधाकट माणसांच्या आळसाची. लघवीची पिशवी जमिनीवर लोळताना दिसली की त्या दिवशी तिला घास गिळवत नसे. नवरा चिडवायचा, "आमच्याकडे धुतलेले हात दाखवल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही."

एकदा तिचा थोरला भाऊच तिच्या वॉर्डात दाखल झाला. दादा शिंपी. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, लघवीची नळी लागली. ऑपरेशन अगदी छान झालं होतं. आता नळी काढायची आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. तिनं त्याला खिडकीजवळची खाट दिली, कारण पिशवी अडकवायचा हुक त्या एकाच खाटेचा धड होता.

"तायडे, माझ्यापेक्षा त्या पिशवीचेच लाड जास्त चाललेत," दादा म्हणायचा.

"पिशवी नीट तर तू नीट," ती म्हणायची.

संडासाजवळची खाट मात्र मोडकी होती. तिची उशाकडची बाजू कधी धपकन खाली येईल याचा नेम नव्हता. तिथे चुकून कुणाला झोपवू नये म्हणून शीबाईनं तिला लाल चिंधी बांधून ठेवली होती. दुरुस्तीवाल्याची वाट बघता बघता चिंधी विटून गेली.

मग शीबाईची एक दिवसाची सुट्टी झाली. दुसऱ्याच दिवशी वॉर्डात प्रशिक्षण होतं. विषय काय, तर नळीमुळे होणारा संसर्ग आणि बिघडलेली उपकरणं! पाहुणे येणार, फोटो निघणार.

ती कामावर आली आणि दारातच थबकली. खिडकीजवळच्या खाटेवर पांढरीशुभ्र चादर, आणि चादरीवर प्रशिक्षणाची रबरी बाहुली. अंगावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, मळेल म्हणे! बाहुलीची पिशवी हुकाला कशी झोकात लटकत होती. आणि दादा? दादा संडासाजवळच्या मोडक्या खाटेवर. चिंधी गायब. त्याची पिशवी ओल्या फरशीवर, आणि पिशवीवर कुणाच्या तरी चपलेचा ठसा.

"शी! शी! शी! कुणी केलं हे?"

"अहो सिस्टर, पाहुण्यांसमोर ती चिंधी बरी दिसली नसती," धाकटी नर्स म्हणाली. "आणि बाहुलीला हुक लागतो ना, दाखवायला."

"नळी कालच काढायची होती याची!"

"काल आम्ही सगळे तयारीत होतो."

"काल संध्याकाळी मला इकडे हलवताना पिशवी पोटावरच ठेवली होती गं," दादा पुटपुटला. "म्हटलं, तुझ्या हाताखालची माणसं, त्यांना कळत असेल."

पिशवीतली घाण उलटी आत गेली असणार. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ चटके देत होतं. दादाला तिनं अलगद उठवून खुर्चीत बसवलं, पिशवी खाली लटकवली, ब्लँकेट गुंडाळलं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला निरोप धाडला. डॉक्टर कुठे? पाहुण्यांच्या स्वागताला!

तेवढ्यात मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन आत आले. "आमच्याकडे रुग्णाची सुरक्षितता म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली.

शीबाई तरातरा खिडकीशी गेली, बाहुली काखोटीला मारली आणि नेऊन मोडक्या खाटेवर आदळली. धाडकन खाट खचली. बाहुली डोक्यावर फरशीत आपटली.

"अरे, अरे! धरा!" सगळे धावले. मोठे डॉक्टर स्वतः गुडघ्यावर बसून तिचं प्लास्टिक झटकू लागले. धाकटी नर्स तिची मान चाचपत होती.

"रात्रभर माझा भाऊ होता या खाटेवर," शीबाई ओरडली. "तेव्हा कुठे होतात रे तुम्ही?"

सगळे अजून बाहुलीभोवतीच वाकलेले होते.

खुर्चीत दादाला हुडहुडी भरली होती. दातावर दात आपटत होते, डोळे तारवटले होते. समोरची गर्दी बघून त्यानं बहिणीचा पदर ओढला.

"तायडे, कोण पडलं गं? फार लागलं का त्याला?" तो म्हणाला. "आधी त्याला बघ. मी थांबतो."