राबिघ ते धाहरान: सापडलेल्या बाबांच्या शोधात

पुस्तकांच्या एका फुकट खोक्यासाठी कोणी अख्खं सौदी अरेबिया आडवं पार करतं का? आम्ही केलं. तांबड्या समुद्राकाठच्या राबिघपासून पार पलीकडच्या किनाऱ्यावरच्या धाहरानपर्यंत. जाऊन-येऊन आठवडा, गाडीत चार माणसं, खाकऱ्याचे डबे आणि एक भलंमोठं खोटं.

आधी माणसं सांगते. मी, माझा नवरा मंदार (इथल्या रिफायनरीत इंजिनिअर), आमची नऊ वर्षांची इरा आणि माझे वडील, म्हणजे आबा. आबा येवल्याहून दोन महिन्यांसाठी आले होते, मुख्यतः नातीसाठी. आणि नात कशी? आबांनी विचारलं, "जेवलीस का गं?" तर उत्तर, "यस आबा." "शाळेत काय केलंस?" "नथिंग आबा." महिना उलटल्यावर ते मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, "ही नात आहे की हॉटेलातली रिसेप्शनिस्ट? मी परत जाईन आणि हिला माझा आवाजसुद्धा आठवणार नाही." फार लागलं मला ते.

मग आबांनीच युक्ती काढली. "तिला सांग, आजोबांना इंग्रजी येत नाही. अजिबात."

आता गंमत अशी, की आबांनी येवल्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजीच शिकवलं. भल्याभल्यांची स्पेलिंगं सरळ केली त्यांनी. इरानं बाबाला विचारलं, "मग आबा शाळेत काय शिकवायचे?" मंदारला ऐनवेळी काही सुचतं तर शपथ. म्हणाला, "पी.टी." झालं! दुसऱ्या दिवसापासून सत्तरीतल्या आबांना नातीसमोर रोज सूर्यनमस्कार घालायची वेळ आली. सूर्यनमस्कार झाले, पण गप्पा काही होईनात.

इराला एकच वेड होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांची, लहान मुलांसाठी लिहिलेली चरित्रं. शिवाजी महाराज, टिळक राहिले बाजूला, आमच्या घरात जेवताना जॉर्ज वॉशिंग्टन! मैत्रिणीकडून मिळालेलं बेंजामिन फ्रँकलिनचं पुस्तक वाचून वाचून तिनं त्याचा पार चिवडा केला होता. त्यातच फोनवर निरोप फिरला: धाहरानला तेल कंपनीच्या कॅम्पात राहणाऱ्या कॅरल नावाच्या अमेरिकन बाई कायमच्या मायदेशी चालल्यात, त्यांच्या मुलांची असली पुस्तकं कोणाला हवीत? इरा उड्या मारायला लागली. मंदार म्हणाला, "कुरियरनं मागवू." आबा म्हणाले, "जाऊ या. गाडीत पोरगी पळून कुठे जाईल?" थंडीची सुट्टी होतीच. यल्ला, निघालो.

पहिला मुक्काम ताईफ. जाणाऱ्यांसाठी सूचना: जेद्दाहून येताना मक्केच्या आधी बिगर-मुस्लिमांसाठी वळणाचा रस्ता आहे, पाट्या मोठ्या आहेत, बघून लेन पकडा. पुढे अल-हदाचा घाट. वळणं आपल्या घाटासारखीच, फक्त झाडांच्या जागी उघडे दगड. माकडं दांडगी आहेत, काचा खाली करू नका. आम्ही केल्या आणि खाकऱ्याचा एक डबा गमावला.

घाटातच आबांनी जाळं टाकलं. "इरा, त्या पुस्तकात काय आहे गं? मला बिचाऱ्याला काही वाचता येत नाही."

इरानं पुस्तक उघडलं. बराच वेळ शब्द शोधले. मग म्हणाली, "आबा, हा बेंजामिन. हा एक... सापडलेला बाबा होता."

"काय होता?"

"फाउंडिंग फादर. फाउंड म्हणजे सापडला ना? सापडलेला बाबा. असे खूप होते. सगळे सापडलेले बाबा मिळून अमेरिका बनवली."

मी खिडकीबाहेर तोंड केलं. मंदारचे खांदे हलत होते. आबांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "अरेरे," ते म्हणाले, "हरवले होते कुठे?"

"माहीत नाही. पुस्तकात नाही लिहिलं."

बांध फुटला तो असा. पुढे पोरगी थांबेचना. बेंजामिननं वादळात पतंग उडवला आणि दोऱ्याला किल्ली बांधली, हे ऐकल्यावर आबा खवळलेच. येवल्याचा माणूस! संक्रांतीला अख्खं गाव गच्चीवर असतं तिकडे. "पावसात पतंग? कागद भिजेल, मांजा जड होईल! येवल्यात असं केलं असतं तर पोरांनी हाकलून दिलं असतं त्याला."

"आबा, त्याचा पतंग सिल्कचा होता."

"हात्तिच्या, पैठणीचा पतंग! मग ठीक आहे." दोघंही खो खो हसली. महिनाभरात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ताईफ ते रियाध. रस्ता असा सरळ, की स्टिअरिंगला कामच नाही. दोन्हीकडे कुंपण, पलीकडे उंट, आणि मधूनमधून वेगाचे कॅमेरे, तेव्हा पाय आवरा. पेट्रोल भारतापेक्षा बरंच स्वस्त. पंपांवरची स्वच्छतागृहं नशिबावर आहेत, पाणी आणि टिश्यू जवळ ठेवा. शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. भल्यामोठ्या तंदुरी रोटीसारखी तमीस आणि शिजवलेल्या कडधान्याचं "फूल" कुठेही मिळतं. चौघांचं पोट दोन चहांसकट वीस-पंचवीस रियालमध्ये भरतं.

अशाच एका पंपावर मंदार चहा आणायला गेला तो गायब. फोन गाडीतच. आम्ही दुकान पाहिलं, मशिदीकडे पाहिलं, नाही म्हणजे नाही. शेवटी ट्रकांच्या रांगेमागे चिपळूणच्या एका वेल्डरशी कोकणातल्या गाड्यांच्या आरक्षणावर तावातावानं बोलत असलेला मंदार इरालाच दिसला. तिथूनच ती ओरडली, "आबा, सापडलेले बाबा!"

रियाधला हॉटेलात मंदार काउंटरवरच्या माणसाला म्हणाला, "वुई आर कमिंग विथ फॅमिली ओन्ली," आणि मी पाहिलं, शेजारी उभ्या आबांनी दुखरा दात दाबल्यासारखे डोळे घट्ट मिटून घेतले. खोलीत गेल्यावर मी त्यांना दटावलं, "आबा, चेहरा सांभाळा. पकडले जाल." ते म्हणाले, "काय करू? जखमेवर मीठ चोळतो गं तुझा नवरा."

तिसऱ्या दिवशी लालसर वाळूच्या टेकड्या ओलांडून दुपारी धाहरान. कॅम्पात शिरायला आधीच नावं कळवावी लागतात, इकामा (इथे राहण्याचा परवाना) हाताशी ठेवा. आत गेलं की हिरवळ, बैठी घरं, सायकली. सौदी कुठेतरी मागेच राहिलं असं वाटतं.

कॅरलबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, दारातच उभ्या. घरातलं सामान अर्धंमुर्धं बांधून ठेवलेलं. खोकं तयार होतं, पण बाईंचा हात त्यावरून निघेना. कोणतं पुस्तक कोणत्या मुलानं फाडलं, कुठे जॅम सांडला, सगळं सांगत बसल्या. मग इराला विचारलं, एवढ्या पुस्तकांचं करणार काय? मंदारनं तोंड घातलंच, "माय डॉटर इज व्हेरी लव्हिंग जॉर्ज वॉशिंग्टन." आबांनी पुन्हा डोळे घट्ट मिटून घेतले.

इरा मात्र इंग्रजीत स्वच्छ म्हणाली, "हे माझ्या आजोबांसाठी. त्यांना इंग्रजी येत नाही. मी त्यांना मराठीत सांगते. मी नाही सांगितलं तर त्यांना कोण सांगेल?"

बाईंनी खोक्यावरचा हात काढला. आबांना नमस्कार करत त्या सावकाश, मोठ्यानं म्हणाल्या, की तुम्ही भाग्यवान आहात. आबांना खूप काही बोलायचं होतं, मला दिसत होतं. ते फक्त "थँक्यू" म्हणाले आणि बाथरूम कुठे आहे ते मला खुणेनं विचारलं. बाहेर आले तेव्हा चेहरा धुतलेला होता.

परतीचा रस्ता तोच, पण गाडीत आता इतिहासाचा तास भरलेला. अमेरिकन लोकांनी बंदरात कर लावलेला चहा बुडवला, त्याला "टी पार्टी" म्हणतात. इराच्या मराठीत "चहापानाचा कार्यक्रम". आबा दिवसाला सहा कप पिणारे, ते हळहळले, "पेट्याच्या पेट्या समुद्रात? साखर तरी घातली होती का?" वॉशिंग्टनची कवळी फार दुखायची हे कळल्यावर आबांनी त्याला सगळं माफ केलं. स्वतःची कवळी काढून चित्राशेजारी धरली. "बिचारा! भाकरी कशी चावत असेल?"

मग आली चेरीच्या झाडाची गोष्ट. छोट्या जॉर्जनं झाड तोडलं आणि वडिलांना खरं खरं सांगून टाकलं. इरा पुढे वाचत गेली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "आबा, इथे लिहिलंय ही गोष्ट खरी नाही! त्याचं चरित्र लिहिणाऱ्या एकानं बनवली. खोटं बोलू नये हे सांगायला तो स्वतःच खोटं बोलला. वाईट ना?"

मंदारनं उगाचच इंडिकेटर दिला. आबा खाकरले. "बघ बाळा, मुलांचं भलं व्हावं म्हणून एखादा म्हातारा थोडंसं..."

"हं," इरा म्हणाली आणि दुसरं पुस्तक उघडलं. "हा पॉल रिव्हिअर. हा रात्री लाल कोट घालून घोड्यावर बसला आणि वरातीला निघाला."

"वरात कसली गं!" आबा उसळले. "लाल कोट म्हणजे इंग्रज सैनिक! ते येताहेत म्हणून तो लोकांना सावध करायला..."

थांबले. फार उशिरा थांबले.

"तुला कसं कळलं?" इरानं अगदी गोड आवाजात विचारलं.

"चित्रावरून," आबा म्हणाले. चित्रात नुसता घोडा होता.

तिनं पान उलटलं. परतल्यावर चार दिवसांत आबांचं विमान होतं. त्या चार दिवसांत दोघं सकाळ-संध्याकाळ खोक्यात डोकं घालून बसलेली. सूर्यनमस्कार मात्र बंद झाले, ते का, हे मी विचारलं नाही.

जेद्दाच्या विमानतळावर आबा आत जायला वळले तेव्हा इरानं त्यांचा हात धरला. "आबा, तू पी.टी.चा सर नाहीस."

"का गं?"

"बाबा इंग्रजी बोलले की तू डोळे मिटतोस. पी.टी.चे सर नाही मिटत."

मंदारनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच फितूर झाले. आबांनी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"रियाधच्या हॉटेलपासून. वरात मी मुद्दाम घातली. चहापान पण."

"मग कॅरलबाईंना काय सांगितलंस? रियाध तर त्याच्या आधी होतं. आजोबांना इंग्रजी येत नाही म्हणालीस."

"सांगितलं नसतं तर मला तुला गोष्टी सांगता आल्या नसत्या," इरा म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं. आबांना येत होतं आणि त्यांनी सरळ रडून घेतलं.

डोळे पुसून त्यांनी मास्तरांच्या आवाजात विचारलं, "आणि सापडलेले बाबा? तेही मुद्दाम?"

"नाही," ती लाजून म्हणाली. "ती खरीच चूक होती."

लोक विचारतात, एवढ्या लांब जाण्यासारखं धाहरानमध्ये आहे काय? खरं सांगायचं तर विशेष काही नाही. रस्ता कंटाळवाणा आहे, माकडं चोर आहेत आणि माझ्या नवऱ्याचं इंग्रजी सुधारलेलं नाही. खोकं आता दिवाणखान्यात आहे. दर शुक्रवारी सकाळी येवल्याहून फोन येतो, इरा धावत जाऊन उचलते, आणि एका निवृत्त इंग्रजी मास्तरांचा खणखणीत आवाज घरभर ऐकू येतो:

"हॅलो, सापडलेले आबा बोलतोय."