वाऱ्यात शिकवलेला शॉट

"कोर्ट आहे, पण रिंग कुठाय?" मी फोनवर ओरडले.

"रिंग कौन्सिलच्या शेडमध्ये," डेक्लन शांतपणे म्हणाला. "कोविडमध्ये लोकांनी खेळायला जमू नये म्हणून गेल्या वर्षी काढून नेल्या."

"अरे, पण आता मुलांना बाहेर ट्रेनिंग करायची परवानगी आहे ना?"

"आहे की. करा ट्रेनिंग. फक्त रिंग नाहीयेत. बाकी सगळं ग्रँड."

२०२१ चा एप्रिल संपत आला होता. डब्लिनमधल्या ब्लँचर्डस्टाउनजवळच्या एका पार्कात मी चौदा मुलींना घेऊन उभी होते आणि समोर बास्केटबॉलचे दोन नुसते खांब होते. डेक्लन म्हणजे आमच्या क्लबचा सेक्रेटरी. मनाने सज्जन. पण जगात कितीही मोठी आग लागली तरी 'ग्रँड', म्हणजे 'झकास', म्हणणाऱ्या माणसाबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप असतो. मी त्या क्लबची अर्धवेळ कोच. अर्धवेळ हा शब्द फक्त पगाराला लागू होता.

थोडं माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. मी नागपूरची. युनिव्हर्सिटीकडून खेळले, मग राज्याकडून. स्पोर्ट्स कोट्यातून सरकारी नोकरी लागली, गुडघा गेला, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे आयर्लंडला आले. इथे मुलीच्या शाळेत एकदा मदत करायला गेले आणि बघता बघता कोच झाले. माझं सगळं बास्केटबॉल उघड्यावर झालं. नागपूरला आमच्या कोर्टाला छप्पर नव्हतं. उन्हाळ्यात गरम वारा सुटायचा, डोळ्यांत धूळ जायची, आणि आम्ही खेळायचो. इथल्या मुलींनी मात्र हॉलच्या लाकडी फ्लोअरखेरीज काही पाहिलेलंच नव्हतं.

आमचा हॉल एका शाळेचा होता. २०२० च्या मार्चमध्ये तो बंद झाला. शरद ऋतूत काही आठवडे उघडला, पुन्हा बंद झाला. त्यानंतर शाळेला बाहेरचं कुणी आत नको होतं. आपल्या पोरांचंच निस्तरताना त्यांच्या नाकी नऊ आले होते, त्यांना तरी काय बोलणार? तर आम्हाला उरलं हे पार्क.

रिंग परत यायला तीन आठवडे लागले. तोवर मी मुलींना नुसतं पासिंग आणि पळणं दिलं. त्या बिचाऱ्या खांबाकडे बघून उसासे टाकायच्या. शेवटी रिंग आल्या आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. तो त्रास म्हणजे वारा.

या देशातला वारा कधी पूर्ण थांबतो हे मला नऊ वर्षांत कळलेलं नाही. बास्केटबॉलचा जंप शॉट म्हणजे उडी मारून, वरच्या वर चेंडू सोडायचा. चांगल्या शॉटला कमान असते. चेंडू उंच जातो आणि वरून रिंगमध्ये पडतो. पण उंच गेलेला चेंडू वाऱ्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो. मुलींचे शॉट रिंगपासून हातभर लांब पडायला लागले. दोघी रडल्या. एकीच्या बाबांनी मला मेसेज केला की बास्केटबॉल हा इनडोअर खेळ आहे. जणू मला ते माहीत नव्हतं.

मग मी माझं नागपुरी डोकं चालवलं. कमान कमी करा, जोर वाढवा. चेंडू सरळ रेषेत मारा, म्हणजे वाऱ्याला वेळच मिळणार नाही. आम्ही तिकडे हेच करायचो. पंधरा दिवसांत फरक दिसला. पार्कातल्या रिंग जाड, दणकट. त्यांच्यावर सपाट शॉट आपटून आत जायचे. जूनच्या अखेरीस माझ्या मुली वाऱ्याला भीक घालेनाशा झाल्या. मी तर हवेतच होते. डेक्लन म्हणाला, "तू जादूगार आहेस." मला ते खरं वाटलं. तिथेच घोडं पेंड खात होतं.

या चौदांमध्ये सर्वांत चांगली खेळाडू रेवा. पंधरा वर्षांची. आई मेधा फार्मा प्लांटमध्ये क्वालिटीला, बाबा निखिल सॉफ्टवेअरमध्ये. दोघंही पुण्याचे. रेवाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डब्लिनच्या इंग्लिशमध्ये येतं. कोर्टावर मी तिची कोच आणि घरी मावशी. तिच्या शॉटकडे बघून मला माझं स्वतःचं सोळावं वर्ष आठवायचं, असं मी कबूल करते. कोचने असं करू नये. सगळेच करतात.

त्या वर्षी इथली दहावीसारखी परीक्षा रद्द झाली होती. रेवाला त्याचा आनंद, मेधाला धसका.

"ताई, हिची अभ्यासाची सवयच मोडली," ती मला म्हणाली. "ऑक्टोबरात विभागाच्या स्क्वॉडची ट्रायल आहे ना? सिलेक्शन झालं तर खेळू दे. नाही झालं तर बास्केटबॉल बंद आणि ग्राइंड्स सुरू. मी तिला तसं सांगितलंय."

ग्राइंड्स म्हणजे इथली शिकवणी. सिनियर वर्गात गेलेल्या निम्म्या मुलांच्या संध्याकाळी त्यात जातात. मेधाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती एकदा ठरवते आणि मग ते ठरलेलंच असतं. म्हणजे रेवाचं पुढचं सगळं खेळणं एका शनिवारच्या दीड तासावर आलं.

जुलैमध्ये रेवा सेशन संपल्यावर थांबली. ती इंग्लिशमध्ये बोलली, मी मराठीत सांगते.

"कोच, माझा शॉट फ्लॅट झालाय."

"मग? आत जातोय ना?"

"इथे जातोय."

"रिंग सगळीकडे दहा फुटांवरच असते, रेवा. चल, बाटल्या गोळा कर."

हे माझे शब्द. जसेच्या तसे. पुढे मला ते पुष्कळदा ऐकवण्यात आले, त्यामुळे पाठ आहेत.

सप्टेंबरात बाकीच्या क्लबांना आपापले हॉल मिळाले. आमच्या शाळेच्या बोर्डाची मीटिंग पुढे ढकलली गेली. मग आणखी पुढे. मी डेक्लनला रोज फोन करत होते आणि तो रोज ग्रँड होता. पण एकदा त्याने स्वतःहून फोन केला. शेजारच्या क्लबच्या कोचशी तो बोलला होता. ट्रायलआधीचे तीन रविवार ते त्यांचा हॉल एकेक तास द्यायला तयार होते.

"नको," मी म्हणाले.

"नको?"

"रविवारी निम्म्या मुलींना जमत नाही. आणि आता लय लागली आहे ती मोडायची नाही. वाऱ्यात खेळलेल्या पोरींना हॉल म्हणजे खेळच आहे. आम्ही नागपूरला सगळं आयुष्य बाहेर खेळलो आणि मॅचेस आत जिंकलो."

हे शेवटचं वाक्य अर्धं खरं होतं. आम्ही आत जिंकलो होतो, पण त्याआधी पंधरा दिवस आमचे सर आम्हाला एका इनडोअर स्टेडियममध्ये नेऊन ठेवायचे. ते मी सोयीस्कर विसरले होते. डेक्लन म्हणाला, "तू कोच आहेस." आयुष्यात एकदाच त्याने ग्रँड म्हटलं नाही, आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

ट्रायलच्या शनिवारी कोविडमुळे हॉलमध्ये फक्त खेळाडूंना प्रवेश होता. पालक गाड्यांमध्ये बसले. मी मास्क लावून दाराच्या काचेच्या पट्टीला नाक टेकवून उभी राहिले. सिक्युरिटीच्या बाईने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि नाद सोडला.

रेवा पळत छान होती, डिफेन्स छान. मग शूटिंग आलं. पहिला शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला. दुसराही. तिसरा मागच्या कडेला लागून इतक्या जोरात परत आला की एका मुलीने डोकं वाचवलं.

गणित साधं आहे आणि ते मला माहीत होतं. वरून पडणाऱ्या चेंडूला रिंग परातीएवढी मोकळी मिळते. सपाट येणाऱ्याला तीच रिंग फटीएवढी. पार्कातल्या जाड रिंगांवर आणि फळ्यावर जोराने काम भागत होतं. इथे नवीन, स्प्रिंगच्या रिंग होत्या, ज्यांच्यावर तो जोर चालत नव्हता, आणि वारा अजिबात नव्हता. माझ्या पोरीने चार महिने घोटून पक्का केलेला शॉट या हॉलमध्ये चुकीचा होता. तो मीच तिच्या हातात बसवला होता.

मला ओरडायचं होतं, "वर! वर सोड!" काच जाड होती. आतल्या कोचेसनी पाठ फिरवून काहीतरी लिहिलं. दहापैकी दोन गेले. रेवाने दाराकडे पाहिलं आणि मी तिला अंगठा दाखवला. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

बुधवारी ईमेल आला. यादीत रेवा नव्हती. संध्याकाळी मेधाचा फोन. "ताई, तुम्ही खूप मेहनत घेतलीत. पण आपलं ठरलं होतं. तिचं क्लबचं किट मी धुवून पाठवते."

फोन ठेवून मी आधी शाळेच्या बोर्डावर चिडले. मग कौन्सिलवर, वाऱ्यावर, डेक्लनवर. खापर फोडायला डोकी पुष्कळ होती. पण ते तीन रविवार काही केल्या डोक्यातून जाईनात. रविवारी मी मेधाच्या घरी गेले.

निखिलने चहा आणला आणि हळूच सटकला. मी मेधाला आणि रेवाला सगळं सांगितलं. सपाट शॉट मी शिकवला. हॉल मिळत होता, मी नाही म्हणाले. चूक तिची नाही, माझी आहे.

रेवा उठून उभी राहिली. "आय टोल्ड यू इन जुलै!" ती किंचाळली. "तू म्हणालीस बाटल्या गोळा कर!" दार आपटून वर गेली.

मेधाने कप बाजूला ठेवला. मग ऑफिसच्या आवाजात म्हणाली, "ताई, आमच्याकडे बॅच फेल झाली ना, की आम्ही ऑपरेटरला घरी पाठवत नाही. आधी कारण शोधतो. त्याला डेव्हिएशन रिपोर्ट म्हणतात. काय बिघडलं, का बिघडलं, पुन्हा बिघडू नये म्हणून काय करणार. तुम्ही मला तो लिहून द्या. पटला तर बघू."

"शॉटचा रिपोर्ट? अगं, मी कोच आहे, क्लार्क नाही!"

"मग किट पाठवते."

मी रिपोर्ट लिहिला. 'कारण: कोचचा हट्ट.' मोठ्या मनाने लिहिला होता, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो परत आला. कारणावर लाल काट. खाली मेधाचं अक्षर: 'माणूस चुकला हे कारण चालत नाही. चूक चार महिने कुणी पकडली का नाही, ते लिहा.'

मी कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्यासमोर मेधाचा उद्धार केला. मग पुन्हा बसले. दुसरा रिपोर्टही परत आला. तिसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा रात्रीचा स्वयंपाक बाजूला राहिला होता आणि कागदावर एकच ओळ होती: 'खेळाडूने जुलैमध्ये सांगितलं होतं. ते ऐकून घेण्याची सोय आमच्याकडे नव्हती.'

आणि उपाय म्हणून लिहिलं की दर दुसऱ्या शुक्रवारी ट्रेनिंगनंतर मुली बोलतील. काय चुकतंय ते सांगतील. पहिली दहा मिनिटं कोच तोंड उघडणार नाही.

हा कागद परत आला नाही. मेधाने फक्त मेसेज केला: 'अ‍ॅक्सेप्टेड. जूनपर्यंत खेळू दे. ग्राइंड्स मात्र आठवड्यातून दोनदा.'

नोव्हेंबरात एकदाचा शाळेने हॉल उघडला. रेवाचा शॉट पुन्हा कमानीत यायला सहा आठवडे लागले. शिकलेलं विसरायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि तो वेळ पोरीचा जातो, कोचचा नाही. स्क्वॉडची यादी काही बदलली नाही. ती टीम तिच्याशिवाय खेळली.

शुक्रवारची ती बैठक अजून चालू आहे. पहिल्याच वेळी रेवाने फोनवर टिपून आणलेले अकरा मुद्दे वाचून दाखवले. मी दहा मिनिटं ओठ घट्ट मिटून बसले होते. डेक्लन कोपऱ्यात उभा राहून हसू दाबत होता. घरी येऊन नीट विचार केला तेव्हा अकरापैकी नऊ बरोबर निघाले.

ते नऊ मी बदलले. उरलेल्या दोनांबद्दल रेवाने तिच्या आईला सांगितलंय, आणि मेधाने माझ्याकडे त्यांचा रिपोर्ट मागितलाय.