इंजिनरूमचं दार

"एक मिनिट. मला काही कळलं नाही."

उजव्या हाताचं बोट वर करून काका हे वाक्य म्हणाले, की शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या ऑफिसातली मीटिंग अर्धा तास लांबली असं समजायचं. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल. कळलेलं आम्हालाही नसायचं, पण तसं कबूल करायची आमची हिंमत नव्हती. काका बॉसला तीन-तीनदा सगळं पुन्हा सांगायला लावत आणि तिसऱ्यांदा सांगताना बॉसला स्वतःचीच चूक सापडे.

ऑफिसातले आम्ही मराठी लोक त्यांना काका म्हणायचो; ते पन्नाशी ओलांडलेले, मूळचे रत्नागिरीचे. इतरांनी काढलेली यंत्रांची ड्रॉइंग तपासायची, हे त्यांचं काम. लग्न केलेलं नव्हतं. मी नागपूरचा, शिक्षण संपवून नुकताच नोकरीला लागलेला. दर रविवारी ते मला जेवायला बोलावत आणि ताटात कुळथाचं पिठलं वाढून म्हणत, "तुमच्याकडे हे खात नाहीत, माहीत आहे. गप खा."

१९८४चा जानेवारी. बाहेर गुडघाभर बर्फ. पिठलं वाढता वाढता काकांनी विचारलं, "स्कूबा शिकतोस?"

"काय?"

"पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं. एकट्याला सोडत नाहीत, जोडीदार लागतो."

"पण काका, या वयात? कशासाठी?"

"बघू या तरी."

एकटा माणूस, काहीतरी विरंगुळा हवा असेल, असं मी धरून चाललो. दर मंगळवारी आम्ही गावातल्या बंदिस्त पूलमध्ये जाऊ लागलो. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांनी. अंगठा वर केला तर 'छान' नव्हे, 'वर चला'. काका मात्र माझी प्रगती पाहून खूश झाले की अंगठा दाखवत. मी बिचारा वर. मागोमाग तेही वर येत आणि ओरडत, "अरे यार, सारखा पळतोस कुठे?" एकदा शिक्षक संतापून खुणा पहिल्यापासून समजावू लागला, तेव्हा काकांनी तिथेही बोट वर केलं.

उन्हाळ्यात एका जुन्या खाणीतल्या थंडगार पाण्यात आम्ही परीक्षा पास झालो. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी कपाटातून एक निळं हवाई पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यांच्या वहिनींचं होतं.

काकांचे थोरले भाऊ मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होते. वीस वर्षांपूर्वी ग्रीसच्या एका लहानशा बेटाजवळ ती बोट खडकावर आपटून बुडाली. बाकी सगळे खलाशी किनाऱ्याला लागले. दादा लागले नाहीत. प्रेतही मिळालं नाही. कंपनीनं 'बेपत्ता' एवढंच कळवलं. तेव्हापासून वहिनी कुंकू लावून वाट पाहत होत्या. पत्रात लिहिलं होतं, 'भावजी, तुम्ही तिकडेच आहात. जवळ असेल तर एकदा बघून या.'

"तिला शिकागो आणि ग्रीस शेजारीशेजारी वाटतात," काका हसले. मग गंभीर झाले. "पण मला सांग, ती बोट चाळीस फूट खोल पाण्यात पडली आहे. तिचा वरचा भाग तर जेमतेम पंधरा फूट खाली. दादा आमच्या रत्नागिरीत, मिऱ्याच्या समुद्रात पोहत वाढलेला. एवढ्याशा पाण्यात तो बुडेल कसा? आणि बुडाला नसेल, तर घरी का नाही आला?"

सप्टेंबरात रजा काढून मी त्यांच्याबरोबर ग्रीसला गेलो.

आमचा नावाडी म्हातारा होता, पूर्वी समुद्रातून स्पंज काढायचा. त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बजावलं, "बाहेरून बघा. आत जायचं नाही." काकांनी मान डोलावली. त्यांच्या हातात पाण्यात लिहिता येणारी पाटी होती. तसल्याच एका बोटीचं ड्रॉइंग कुठूनसं मिळवून त्यांनी पाटीवर डेकचा नकाशा काढला होता. इंजिनरूमच्या दारावर फुली मारलेली होती.

पाणी इतकं स्वच्छ, की उडी मारताक्षणी अख्खी बोट दिसली. एका कुशीवर कललेली, शेवाळानं मऊ झालेली. कठड्यातून मासे ये-जा करत होते. मला ते सगळं सुंदर वाटलं आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

कठड्यापाशी पोचल्यावर काकांनी मला हातानं 'इथेच थांब' सांगितलं आणि ते डेकवरच्या अंधाऱ्या बोळात शिरले. मी नको नको म्हणून हात हलवत राहिलो. पुढच्याच क्षणी बोळातून गाळाचा लोट बाहेर आला आणि मला काहीच दिसेना. कठडा घट्ट धरून मी टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होतो. आत जावं, की वर जाऊन नावाड्याला सांगावं? किती वेळ गेला, ठाऊक नाही. मग गाळातून एक हात आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

होडीत चढल्यावर मी दाराचं विचारलं.

"उघडं," ते म्हणाले. "दार सताड उघडं आहे."

"म्हणजे दादा बाहेर पडले असतील?"

ते किनाऱ्याकडे बघत होते. तिथल्या घरांसमोर वाळत घातलेले कपडेसुद्धा मोजता आले असते. "किती जवळ आहे रे," एवढंच म्हणाले.

वीस वर्षांत ते दार कुणीही उघडलं असेल, हे मला सुचलं. ड्रॉइंगमधली केसाएवढी चूक पकडणाऱ्या माणसाला ते सुचलं नसेल? पुढचे दोन दिवस आम्ही त्या गावात हिंडलो. त्यांच्या खिशात दादांचा फोटो होता. त्यांनी तो एकाही माणसाला दाखवला नाही.

त्यानंतर ते कधी पाण्यात उतरले नाहीत. तिसऱ्या हिवाळ्यात हृदयविकारानं गेले. मी भारतात जाणार होतो, म्हणून त्यांचे थोडे कपडे आणि फोटो घेऊन रत्नागिरीला वहिनींकडे गेलो.

वहिनींनी दार उघडलं आणि त्यांच्या कपाळाकडे माझी नजर गेली. कपाळ मोकळं होतं.

त्यांच्या ते लक्षात आलं. मला आत बसवून त्यांनी कोकमाचं सरबत दिलं. "भावजींचं पत्र आलं, त्या दिवशी पुसलं," त्या म्हणाल्या. "दार घट्ट बंद होतं, असं लिहिलं होतं त्यांनी. यांना बाहेर पडताच आलं नाही. आठ दिवस मी रडले. मग मात्र रात्रीची झोप लागायला लागली."

मी हातातला कोकमाचा पेला खाली ठेवला.

"तुम्हीही होतात ना तिथे?" त्यांनी विचारलं. "तुम्ही पाहिलंत?"

मी पाहिला होता तो नुसता गाळ.

"हो काकू," मी म्हणालो. "बंदच होतं."

काका खरं बोलले ते माझ्याशी, की वहिनींशी? होडीत बसल्या बसल्या मला खोटं सांगून त्यांना काय मिळणार होतं? आणि वहिनींना खोटं सांगितलं असेल, तर त्यांनी दादांना मारलं की वहिनींना सोडवलं? मी हे खूपदा उलटसुलट करून पाहिलं आहे. दर वेळी वेगळं उत्तर येतं.

वहिनींनी मान हलवली. माझ्याजवळची पिशवी घेऊन त्यांनी काकांचा राखाडी स्वेटर बाहेर काढला, दोनदा झटकला आणि अंगणातल्या दोरीवर उन्हात वाळत घातला. स्वेटर कोरडाच होता.