मामाजींची संत्रावाली टीम

लहान देशांना वीस षटकांच्या विश्वचषकात घेऊ नये, असं माझं ठाम मत होतं. अकोल्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवतो आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममधल्या सगळ्यांना क्रिकेट शिकवतो. कुणी विचारलेलं नसतं. "आठ देश पुरे," डबा उघडता उघडता मी सांगायचो. "बाकीचे आले की सुरुवातीचे दिवस वाया. ज्यांना सकाळी नोकरीवर जावं लागतं ते काय विश्वचषक खेळणार?" चित्रकलेच्या बाई एकदा म्हणाल्या, "सर, तुम्हालाही सकाळी नोकरीवर यावंच लागतं. तरी तुम्ही एवढं क्रिकेट बोलता ना?" सगळे हसले. मी भाजी पोळीत गुंडाळली आणि मत कायम ठेवलं.

ते मोडलं माझ्या सासऱ्यांनी.

मामाजींची अमरावती जिल्ह्यात, मोर्शीकडे संत्र्याची बाग आहे. क्रिकेटशी त्यांचा तोवर काही संबंध नव्हता. टीव्हीवर ते बातम्या आणि हवामान बघायचे, आणि हवामान चुकलं की टीव्हीलाच शिव्या द्यायचे. त्या वर्षी विश्वचषक ऑस्ट्रेलियात होता, त्यामुळे सामने आपल्याकडे दिवसाउजेडी यायचे, आणि नेमकी मध्येच दिवाळी आली. भाऊबीजेला आम्ही नवरा-बायको तिच्या माहेरी गेलो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भारत आणि नेदरलँड्स. मी जेवण लवकर उरकून टीव्हीसमोरची खुर्ची धरली होती. तेवढ्यात मामाजी बागेतून आले, उपरण्याने हात पुसत दारातच थबकले.

"जवाईबापू, हे संत्र्याच्या रंगाचे पोट्टे कोणाचे?"

"नेदरलँड्सचे, मामाजी. युरोपातला लहानसा देश आहे. यांना आज आपण अर्ध्या वेळात गुंडाळतो."

"संत्रा पिकते काय तिकडं?"

"छे! थंडी किती असते तिथं. त्यांच्या राजघराण्याचं नावच ऑरेंज आहे, म्हणून तो रंग."

मामाजी मटकन खाटेवर बसले. "राजाच्या घराण्याचं नावच संत्रा?"

"म्हणजे... तसंच काहीसं."

"मंग आपण यायच्याकडून."

मला वाटलं, गंमत करताहेत. गंमत नव्हती. त्यांनी ताट तिथंच मागवलं आणि घास हातात धरून सामना बघायला लागले. खेळाचे नियम त्यांना माहीत नव्हते, पण झेल मात्र लगेच कळला. आयुष्यभर त्यांनी बागेत माणसं लावून फळं तोडून घेतली आहेत. आपल्या एका फलंदाजाचा झेल नेदरलँड्सच्या माणसाने सोडला तेव्हा मी टाळी वाजवली आणि मामाजी ताटावरून उठले.

"हात पाहा त्याचे! वरून येणारं फळ असं ताठ हातानं धरते काय कोणी? मार लागला ना त्याले. आता ते जूसवाल्याकडंच जाईन."

नंतर नेदरलँड्सची फलंदाजी सुरू झाली. त्यांच्या एकेका धावेला मामाजी "वा!" म्हणू लागले. आमच्या गोलंदाजाने दांडी उडवली की मी उठायचो, मामाजी बसायचे. नेदरलँड्सने चौकार मारला की मामाजी उठायचे, मी बसायचो. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, दोघांची उठबस बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देशाच्या विरोधात जाणाऱ्याले संध्याकाळी पुरणाची पोळी भेटणार नाई."

"राहू दे," मामाजी म्हणाले. "माह्या पोट्ट्यायनं तरी कुठं खाल्ली?"

भारत आरामात जिंकला. मी म्हटलं, "सांगितलं होतं ना, मामाजी?"

"काय सांगतलं होतं? तुमी म्हणे अर्ध्या वेळात गुंडाळतो. पुरे वीस ओव्हर उभे राह्यले ना थे?"

ते खरं होतं. त्यांची शेवटची जोडी अजून मैदानात उभी होती. मी चिडून अंगणात जाऊन बसलो. जावयाने रुसावं असा सणच होता, पण कुणी बोलवायलाच आलं नाही. पुरणाच्या पोळीचा वास आला तेव्हा मीच आपणहून आत गेलो. मामाजी दुसरी पोळी खात होते.

आम्ही अकोल्याला परतलो आणि फोन सुरू झाले. नेदरलँड्सचा सामना कधी, कोणाशी, गडी कोण जखमी, सगळं मामाजी मला विचारायचे. झिम्बाब्वेला हरवलं त्या दिवशी "जितलो!" एवढंच ओरडून फोन ठेवला. एकदा नेट रन रेट म्हणजे काय ते विचारलं. मी त्यांना कळेल असं सांगायला गेलो. "समजा, आपल्या एका झाडाला सरासरी किती फळं लागली ते काढायचं. मग शेजाऱ्याच्या झाडाला किती लागली ते काढायचं. आपल्यातून त्याची वजा करायची."

"शेजाऱ्याची काहून?"

"तो नियम आहे."

"आपली फळं आपण मोजावं. दुसऱ्याच्या बागेत जाऊन कोण मोजते बापा?"

वीस वर्षं गणित शिकवतोय मी, पण त्या दिवशी संत्र्याचा भाव विचारून विषय बदलला.

मग तो रविवार आला. सकाळी साडेपाचला फोन वाजला.

"उठले काय? मॅच सुरू झाली."

"मामाजी, आज समोर दक्षिण आफ्रिका आहे. ते जिंकले की त्यांना सेमीफायनल मिळते. ते काही सोडणार नाहीत. मी गणिताचा माणूस आहे, लिहून देतो. तुम्ही झोपा."

फोन उशीखाली टाकून मीच झोपलो. नऊच्या सुमाराला बायकोने हलवलं. "बाबांचा फोन आहे. रडून राहिलेत वाटते."

मामाजी रडत नव्हते. हसता हसता त्यांना ठसका लागला होता. "जवाईबापू, पाडलं! आफ्रिकेले पाडलं!"

मी दात घासायचा ब्रश तोंडात धरून टीव्ही लावला. खरंच होतं. त्याहून वाईट म्हणजे, या निकालाने आपला भारत दुपारचा सामना खेळण्याआधीच सेमीफायनलमध्ये पोचला होता. ज्यांना विश्वचषकात घेऊ नये असं मी वर्षानुवर्षं सांगत होतो, त्यांनी माझ्या देशाला पुढे ढकललं होतं.

"तुमची टीम बी गेली म्हणते पुढं," मामाजी म्हणाले. "आमच्या पोट्ट्यायच्या भरवशावर."

"हो, मामाजी."

"मंग आभार माना."

"आभारी आहे."

"मले नाई. त्यायले."

बायकोने फोन स्पीकरवर टाकला. मी टीव्हीकडे तोंड करून, फेसाळल्या तोंडाने, नेदरलँड्सच्या संघाला धन्यवाद दिले. बायकोने "म्हटलं त्यांनी, बाबा," अशी साक्षही दिली.

इथं प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण मामाजी उठले, एक क्रेट संत्री भरली आणि एसटीत बसले. अमरावतीला गाडी बदलून दुपारी ते अकोल्यात आमच्या जठारपेठेत उतरले. गळ्यात संत्र्याच्या रंगाचं उपरणं. आमच्या घरी येण्याऐवजी त्यांनी गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात चार-चार संत्री आणि "आमी जितलो!"

आमच्या शेजारी एक निवृत्त तलाठी राहतात. पुढचं सगळं त्यांच्या ओट्यावर झालं. मी वरून खिडकीतून ऐकत होतो आणि चप्पल सापडत नव्हती.

"अभिनंदन पाहुणे!" तलाठी म्हणाले. "कोणत्या गटातून?"

"दुसऱ्या गटातून."

"समोर कोण होतं?"

"आफ्रिका."

हे निवडणुकीत पडलेल्या कुणा तगड्या पुढाऱ्याचं टोपणनाव असावं, असं तलाठ्यांना वाटलं. त्यांनी मान डोलावली. "कितीनं काढली?"

"तेरानं."

"फक्त तेरा? घासून झालं म्हणायचं."

"घासूनच झालं, बापा. शेवटपर्यंत जिवात जीव नव्हता. पण आमची पोरं हालली नाईत."

"कार्यकर्ते चांगले पाहिजेत," तलाठी म्हणाले. ते आत गेले, देवाला आणून ठेवलेला झेंडूचा हार घेऊन आले आणि मामाजींच्या गळ्यात घातला. समोरच्या दोन घरांतून टाळ्या पडल्या. मग आवाज खाली आणून तलाठी म्हणाले, "आमच्या शेताच्या पांदण रस्त्याचं काम अडून आहे. आता तुम्हीच लक्ष घाला."

मामाजींना यातलं किती समजलं कुणास ठाऊक. पण त्यांच्या गळ्यात हार होता आणि सकाळी त्यांनी आफ्रिका हरवली होती. ते भारदस्तपणे म्हणाले, "पाहू."

मी अनवाणीच खाली पळालो आणि खुलासा केला. तलाठ्यांनी मामाजींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग घरात गेले. पाच मिनिटांनी परत आले, मामाजींच्या गळ्यातला हार काढून घेतला आणि गेले. संत्री मात्र ठेवून घेतली.

दुपारचा भारताचा सामना आम्ही सोबत बघितला. "आज आपला आराम हाय," असं म्हणून मामाजी भारताच्या बाजूने बसले आणि पाचव्या षटकात झोपले.

सेमीफायनलमध्ये इंग्लंडने आपल्याला हरवलं. एकही गडी न गमावता. मी जेवलो नाही. मामाजींचा फोन त्या दिवशी आला नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

"जवाईबापू, जेवले काय?"

"नाही."

"जेवा." फोन ठेवता ठेवता ते थांबले. "एक इचारू? रागावसान नाई?"

"विचारा."

"आमच्या पोट्ट्यायनं एक तरी गडी पाडला असता ना?"

मला आधी संताप आला. मग हसू यायला लागलं, ते थांबेचना. बायकोने ताट वाढून समोर ठेवलं आणि मी हसत हसत सगळं जेवलो. शाळेत गेल्यावर चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, "मग सर, किती देश घ्यायचे?" मी म्हटलं, येतील तेवढे येऊ द्या. त्यांना हे उत्तर फार आवडलं नाही. वाद घालायची तयारी करून आल्या असाव्यात.

पुढच्या वीस षटकांच्या विश्वचषकात वीस देश आले. मी तोंड उघडलं नाही, उलट नेदरलँड्सचं वेळापत्रक काढून आधीच मोर्शीकडे पाठवलं. पण या वेळी सासूबाईही उतरल्या. त्यांनी नेपाळ घेतलं, कारण पशुपतिनाथाला जायचं त्यांचं राहूनच गेलं होतं. "तुमचा राजा संत्रा, तर माहा देव सोता महादेव," त्यांनी मामाजींना सुनावलं. आणि दोन्ही देश निघाले एकाच गटात, पहिलाच सामना एकमेकांशी. नेदरलँड्स जिंकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींचा फोन आला. आवाज दबका होता. "चहा भेटला नाई अजून. मी सोता केला तर दूध फाटलं." मागून सासूबाईंचा आवाज आला, "सांगा जवायाले, नेपाळचा झेल सुटला तवा कसे नाचले थे बी सांगा!"

मी दोघांनाही दोन दिवस अकोल्याला बोलावलं. बायकोने बजावलं होतं, आपल्या घरी टीव्ही बंद राहील. दोघं आले. एकाच एसटीने आले, पण मामाजी ड्रायव्हरच्या मागे बसून आणि सासूबाई मागच्या दारापाशी.