हरायला बसलेले मेव्हणे

हरून इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आमचे मेव्हणे, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, साठीला टेकलेले, काजूची बाग राखून असलेले, गावात चार माणसांत मान असलेल्या घरातले. आणि हा गृहस्थ सकाळची पेज झाली की टीव्हीसमोर चटई टाकून बसतो आणि जेवणाची पानं वाढेपर्यंत मार खातो. मारणारा एक दगडी राक्षस. पुण्याला नोकरी करणारा मुलगा मध्यंतरी घरून काम करायचं म्हणून गावी आला होता, तो व्हिडिओ गेमचा डबा इथेच विसरून गेला. वहिनींच्या मते विसरला वगैरे काही नाही, बापाची ब्याद आपल्यामागे लागू नये म्हणून मुद्दाम ठेवून गेला. त्या गेममध्ये किल्ल्याच्या दारात हा राक्षस उभा असतो. हातात सोटा, गळ्यात माळा, स्वतः जागचा हलत नाही आणि दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही. म्हणून मेव्हण्यांनी त्याचं नाव 'मानकरी' ठेवलंय. गावातल्या खऱ्या मानकऱ्यांच्या कानावर हे अजून गेलेलं नाही.

आता हे ऐकून कोणाला वाटेल, माणूस मोठा चिकाटीचा असणार. छे! चिकाटी या गुणाशी मेव्हण्यांची साधी तोंडओळख नाही. एकदा हौसेने स्कूटर घेतली, ती कुडाळच्या अलीकडे वळणावर कलंडली, तर ती तिथल्या गॅरेजवाल्याच्या गळ्यात मारून एस.टी.ने घरी आले आणि पुन्हा दोन चाकांना शिवले नाहीत. आंबोलीला गेले, धुक्यात धबधबा दिसला नाही, तेव्हापासून आंबोली त्यांच्यापुरती बंद. वेंगुर्ल्याचा एक काजूवाला यांच्या बिया हातात घेऊन सहज म्हणाला की जरा ओल्या वाटतात. झालं! आजतागायत त्याच्या दारावरून जाताना हे भर उन्हात छत्री उघडून आडवी धरतात. माझ्या लग्नात पत्त्यांचा एक डाव माझ्याकडून हरले, तर रागाने पंगतीला बसेनात. शेवटी नवऱ्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, शालू सावरत उठून भावाची समजूत काढावी लागली. असा हा माणूस. त्याने दिवसभर सोट्याचे तडाखे खाऊन वर हसतमुखाने जेवायला यावं, हे मला पटेचना.

पण यांनी सोडलेल्या गोष्टींत खरी मोठी गोष्ट एकच, ती म्हणजे भजन. ऐन तारुण्यात मेव्हणे डबलबारीचे बुवा होते. आमच्याकडे देवळात दोन बुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर बसतात, पेटी, पखवाज, झांजा, मागे कोरस. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाऊन जवाब द्यायचा, आणि कोण पडला ते लोकांनी ठरवायचं. आवाज यांचा खरोखर गोड होता. एका जत्रेला गावच्याच रवळनाथासमोर, वेंगुर्ल्याकडच्या एका नामांकित बुवांशी यांची बारी लागली. आदल्या दिवशी हे शेजारच्या गावात गाऊन आले होते, जीभ तिकडचीच राहिली होती. पेटीवर सूर धरला, डोळे मिटले आणि रवळनाथाच्या दारात बसून शेजारगावच्या देवाचा जयजयकार सुरू केला. ज्या गावाशी पालखीच्या वाटेवरून आमचं पिढ्यान् पिढ्या वाकडं, त्याच गावचा देव! मागच्या कोरसला चूक कळली होती, पण बुवाला उघडं पाडायचं नाही म्हणून त्यांनी इमानाने तोच गजर दुप्पट जोरात म्हटला. समोरच्या बुवांना आयतंच सापडलं. त्यांनी बसल्या जागी कडवं रचलं, की या बुवाला रस्ता चुकलाय, कोणीतरी याला याच्या देवळात पोचवा रे. देऊळ हसलं. गाव हसलं. मेव्हण्यांनी पेटी मिटली, घरी येऊन माळ्यावर टाकली आणि गाणं सोडलं.

गावाने मात्र काही सोडलं नाही. तीसेक वर्षं झाली, पण मेव्हणे तिठ्यावर चहाला गेले की कोणीतरी विचारणारच, आज कुठल्या देवाला निघालात? आमची माणसं प्रेमळ, अडीअडचणीला धावून येणारी, पण दुसऱ्याची फजिती अशी जपून ठेवतील की आगोटीला, पावसाळ्याआधी, भरलेली सुकी मासळी काय ठेवतील! ज्यांना जन्मात धड आरती म्हणता आली नाही, ते या विनोदावर म्हातारे झाले. मेव्हण्यांचं चहाला जाणंच पुढे कमी झालं.

एकदा मी त्यांना स्पष्टच विचारलं, की पत्त्यात हरल्यावर जेवण टाकणारे तुम्ही, इथे रोज हरून कसली मजा येते? तेव्हा त्यांनी जॉयस्टिक खाली ठेवली. म्हणाले, "भावोजी, हो मानकरी माका दिवसभर मारता, पण हसणा नाय. तिठ्यावर जाऊन सांगणा नाय. मेलंय काय परत उभो करता आणि म्हणता, ये. गावात मी एकदाच हरलंय, ता अजून संपाक नाय." मी चहा मागितला.

मग मी त्यांच्याजवळ बसून बघायला लागलो. मार खाण्यातही या माणसाने अभ्यास मांडला होता. मानकरी सोटा कधी उगारतो, किती थांबतो, कुठल्या अंगाने मारतो, सगळं पाठ. त्यांचं म्हणणं, राक्षस चक्क भजनी ठेक्यात मारतो. समेवर सापडलात तर मेलात, खालीच्या मात्रेला सटकायचं. प्रत्येक वेळी दोन पावलं पुढे जाऊन मरत आणि त्या दोन पावलांसाठी मुलगा पहिला आल्यासारखे माझ्याकडे बघत. आणि हे सगळं मांडीवर ताल धरून. वहिनींनी तो हात पाहिला आणि त्या दिवसापासून टीव्हीच्या नावाने बोटं मोडणं बंद केलं.

शेवटी एक दिवस मानकरी पडला. मला वाटलं, आता हा माणूस गावजेवण घालणार. तर हे तोंड पाडून बसलेले. वहिनींनी हातावर साखर ठेवली ती तशीच. दोन दिवस टीव्ही लावला नाही. तिसऱ्या दिवशी शिडी लावली, माळ्यावरून पेटी काढली, भात्यातली झुरळं झटकली आणि मला फोन केला की गाडी घेऊन या. वेंगुर्ल्याकडच्या त्या बुवांकडे जायचं होतं. त्याच देवळात, त्याच बुवांसमोर, गावादेखत एक बारी मागायची होती. हरलो तरी चालेल, पण बारी हवी, असं वाटेत मला इतक्यांदा सांगितलं की मीच घाबरलो.

आम्ही पोचलो तेव्हा बुवा पडवीत खाटेवर होते. घशाचं ऑपरेशन होऊन वाचा गेलेली. सून म्हणाली, बोलता येत नाही, पण ऐकतात सगळं. मेव्हणे पडवीच्या पायरीवरच थांबले. मला वाटलं, आता हे छत्री उघडून परत फिरणार. आयुष्यभर दुसरं केलं काय? पण ते आत गेले, खाटेजवळ चटईवर बसले, पेटी उघडली आणि रवळनाथाचा गजर धरला. आवाज पार गंजला होता. बुवा डोळे मिटून खाटेच्या दांडीवर बोटं वाजवत होते. मध्येच बोटं थांबली. बुवांनी हात हलवला, चुकलास, पुन्हा. मेव्हण्यांनी पुन्हा धरलं. पुन्हा हात हलला. असं दुपार टळेपर्यंत चाललं, आणि शेवटी बुवा आवाज न करता पोट धरून हसले. मी मनात म्हटलं, मेलो! पण मेव्हणेही हसत होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

परतताना गाडीत म्हणाले, "मस्त हरलंय, भावोजी. बुवांचो घसो गेलो, पण माका हरवुची ताकद अजून आसा. उद्या गाडी काढशात?"

मी हो म्हटलं. निघताना सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बुवांना हल्ली पेजसुद्धा घशाखाली उतरत नाही, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलंय. ते मी मेव्हण्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मात्र जरा लवकर काढली.