हिरवी टिक

कॉम्प्युटरच्या धंद्यात सगळ्यात किळसवाणं काय असतं, असं कोणी विचारलं की त्याला वाटतं मी कीबोर्ड म्हणेन. आमच्याकडे तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बोलणारी गिऱ्हाइकं यायची, त्यामुळे कीबोर्डचा विषय निघाला की माझं जेवण उडायचं, हे खरं. पण कीबोर्ड पुसता येतो. मला आजही शिसारी येते ती हिरव्या टिकची.

बुलढाण्याकडे, धाड गावाच्या रस्त्यावर आमच्या गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. एक जुना कॉम्प्युटर, एक काळा-पांढरा प्रिंटर आणि दाराशी शाळेच्या वह्या, पेनं, पट्ट्या. गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षीची ही गोष्ट. बीटी बियाण्याच्या पाकिटावर अस्सलपणाची चकाकती चिकटपट्टी होती, आणि याला बोंडअळी लागतच नाही असं बियाणेवाल्यानं छातीठोक सांगितलं होतं. लोकांनी चिकटपट्टी पाहिली आणि पाकीट घेतलं.

आमच्या गल्लीत एक चाचा होते, पिंजारी. त्यांच्या घरी पूर्वी गाद्या भरायचे, नंतर शेती. त्यांनी एक दिवस बोंडांची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. बाहेरून टणक, हिरवीगार बोंडं. चाचांनी एक अंगठ्यानं फोडलं. आत कापसाच्या जागी ओला, तपकिरी लगदा आणि त्यात वळवळणारी गुबगुबीत गुलाबी अळी. दुसऱ्या बोंडातली एक माझ्या माउसवर चढली. मी खुर्ची मागे घेतली.

"पाह्य पोरी," चाचा म्हणाले, "सारी उमर कापसात गेली, पण असं घाण कधी पाह्यलं नाही."

नुकसानभरपाईचा अर्ज मीच भरून दिला. पाहणीला कृषी खात्याचे साहेब आले, नाकाला रुमाल लावून वावरात फिरले, बोंडं फोडली, फोटो काढले. मग अहवाल ऑनलाइन आला, खाली साहेबांची डिजिटल सही. तो छापून तालुक्याच्या कार्यालयात जमा करायचा होता. अट एकच होती: कागद जमा होईपर्यंत पीक उपटायचं नाही. शंका आली तर पुन्हा पाहणी होईल, आणि वावर रिकामं दिसलं तर अर्ज बाद.

चाचांचा जीव त्या अटीत अडकला होता. त्यांना कपाशी उपटून हरभरा पेरायचा होता. विहिरीत पाणी जेमतेम होतं, जमिनीतली ओल रोज खाली उतरत होती. ओल आहे तोवर पेरणी झाली तर झाली. म्हणून ते अहवाल घेऊन सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला गेले आणि दुपारी तोच कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"याच्यावर प्रश्नचिन्ह हाय म्हणे," ते म्हणाले. "टेबलावरचा बाबू म्हणते, हिरवी टिक आणा."

सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह होतं खरं. त्याचा अर्थ एवढाच, की सही करणाऱ्याला माझा कॉम्प्युटर ओळखत नाही. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये विश्वासातल्या प्रमाणपत्रांची एक यादी असते. त्या यादीत सहीचं मूळ सापडलं की टिक हिरवी होते, नाही सापडलं की प्रश्नचिन्ह. म्हणजे ती टिक साहेबाची नव्हे, कार्यालयाची नव्हे, माझ्या टेबलावरच्या खोक्याचं ते मत असतं. कागदावर छापल्यावर तर त्याला कवडीचीही किंमत नाही. हे त्या बाबूला कोणी सांगायचं?

बाकीचे दुकानवाले काय करायचे, ते मला माहीत होतं. सही कोणाची, प्रमाणपत्र कोणी दिलं, काही न बघता 'विश्वास ठेवा' दाबायचं आणि प्रिंट मारायची. त्यांच्याकडे उद्या एखाद्या चोराची सही आली असती तरी ती हिरवी होऊन बाहेर पडली असती. मला त्याची घाण वाटायची. मी म्हटलं, आपण नीट करू.

नीट करायला बसले तर एकेक निघत गेलं. माझ्या कॉम्प्युटरमधला बटणाएवढा सेल मेला होता, त्यामुळे लाइट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जायची. कॉम्प्युटरच्या लेखी ती सही अजून झालीच नव्हती. सेल बुलढाण्याहून मागवला. मग सहीचं मूळ प्रमाणपत्र उतरवायचं तर ते पानच उघडेना, कारण माझ्या जुन्या विंडोजमध्ये एनक्रिप्शनची नवी पद्धत बंद होती. सेटिंगमध्ये शिरून ती चालू केली. मूळ प्रमाणपत्र घेतलं, त्याचा नंबर पडताळला, बसवलं. मधे लाइट जायची, नेट जायचं. चाचा रोज यायचे आणि बाकावर बसायचे. शेजारचा वावरवाला त्यांना बोलायचा, तुमची अळी माझ्या वावरात येऊन राह्यली, काऊन ठेवली कपाशी उभी?

शेवटी सही हिरवी झाली, तीही खरोखरची. मला बरं वाटलं. प्रिंट काढून दिली.

चाचा परत आले. "टिक काळी हाय म्हणे."

माझा प्रिंटर काळा-पांढरा. त्यातून हिरवं कसं निघणार? मी बाबूला फोन करून समजावलं, तर तो म्हणाला, "मॅडम, आमाले वरून हिरवी सांगेल हाय." मग चाचा धाडला रंगीत प्रिंट काढायला गेले. तिथल्या प्रिंटरमधली पिवळी शाई वाळलेली, म्हणून टिक निळी आली. बाबूनं निळीही परत केली. तेवढ्यात तो एका लग्नाला गेला आणि त्याच्या टेबलावर कोणी बसेना. प्रत्येक खेपेला मी चाचांना सांगायचे, "थोडं थांबा, आता होते." आणि वावरात ती कुजकी बोंडं तशीच लटकत होती.

तो बाबू रुजू झाल्याचं कळलं त्या दिवशी माझं डोकं फिरलं. दाराशी विकायला ठेवलेल्या स्केचपेनांतलं हिरवं काढलं, काळ्या टिकवर गिरवलं आणि चाचांबरोबर स्वतः बुलढाण्याला गेले. बाबूनं कागद उजेडात धरला. हिरव्यावर अंगठा घासला, थोडा रंग त्याच्या अंगठ्याला लागला. तो त्यानं पँटला पुसला.

"आता कसं," तो म्हणाला, "आता ओरिजिनल वाटते." आणि शिक्का मारला. वर मला म्हणाला, "सगळ्याइले तुमच्याकडंच पाठवतो मॅडम. तुमची टिक साफ येते."

मला त्याच्या टेबलावर ओकावंसं वाटलं. लाज मला वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटायची ती अंगठा पुसणाऱ्याला वाटावी. पण किळस आली, आणि ती त्या एकट्याची नव्हती. खरी सही, खरं प्रमाणपत्र, खरा पडताळा, सगळं परत आलं होतं, आणि शाळेच्या पोरांचं पेन पास झालं होतं.

चाचांनी त्याच संध्याकाळपासून कपाशीची पऱ्हाटी उपटायला घेतली. काही दिवसांनी मी अर्जाची पोच देण्याच्या निमित्तानं वावरात गेले. पेरणीची तिफण बांधावर तशीच पडलेली होती. चाचांनी खुरप्यानं जमीन उकरली, हातभर खाली गेले. माती भुरभुरीत होती. विहिरीतल्या पाण्यानं एवढं वावर भिजणार नव्हतं.

"हरभरा नाही होत आता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग विचारलं, "पोरी, हे पेनाचं पयलेच काऊन नाही केलं?"

"चाचा, मले वाटलं, खरं करून देलं तर चालते."

त्यांनी बांधावरच्या उपटलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाकडे हात केला.

"खरं तं हे उभं होतं ना इथं," ते म्हणाले, "इतले दिवस."