गळाचा उलटा काटा

शिळ्या करंदीचा वास आला की माझा अंगठा आजही ठणकतो. थंडीत नदीचा मासा सुस्तावतो, त्याला दांडग्या वासाचं आमिष लागतं, म्हणून घाटकोपरच्या आमच्या स्वयंपाकघरात मी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, कुटून कणकेत मळली होती. गळाला बांधलेल्या दोऱ्याची गाठ पक्की आहे का बघायला ऐटीत हिसका दिला आणि गळ माझ्याच अंगठ्यात रुतला. घाबरून मागे खेचला, तर उलट्या काट्याने मांस फाडलं. कणीक लाल झाली. बायको कोळीवाड्यात वाढलेली, पण ‘बाईमाणसाचं काम नाही’ म्हणून मी तिला कधी नदीवर नेत नसे. ती पक्कड घेऊनच आली. “खेचू नको येड्या, पुढूनच काढावा लागतो!” तिने माझा हात गुडघ्याखाली दाबला, गळ आणखी आत रेटला, रक्ताळलेलं टोक पलीकडून बाहेर आलं, आणि ती थांबली. “रविवारी मला नेणार की नाही?” “नेतो गं, आईशपथ!” मी बोंबललो. मगच तिने पक्कडीने काटा कट्कन तोडला आणि उरलेला गळ मागे ओढून काढला. हल्ली थंडीत नदीवर तीच गळ टाकते. मी कणीक मळून देतो आणि अंगठा खिशात ठेवतो.